पोटावरची पिशवी आणि आपलं सोवळं

“पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं.” गुदाशयाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालेल्या माणसाच्या तोंडून सर्जनना हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं, की बरेचसे त्यावर थांबतही नाहीत. ‘सवय होते हो सगळ्याची’ म्हणतात आणि संमतीपत्र पुढे करतात. मला मात्र त्या वाक्यापाशीच थांबायचं आहे. ते बोलणारा माणूस भित्रा नसतो. छातीचं हाड कापून करायच्या बायपासला आपल्याकडची माणसं तयार होतात. गुडघ्यात धातूचा सांधा बसवून घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतात आणि उरलेल्या दिवसांत कामावर जातात. ह्यातल्या कशालाही ‘त्यापेक्षा मरण परवडलं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. मग आतड्याचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर आणून तिथे पिशवी चिकटवणं, ज्याच्या जोरावर माणूस खातो, झोपतो, वर्षानुवर्षं जगतो, तेवढंच मरणाहून वाईट कसं ठरतं?

हे मी काठावर बसून विचारत नाही. गुदाशयाच्या कर्करोगानंतर माझ्या पोटावर कायमची कोलोस्टोमी आहे. मलाही ते वाक्य सुचलं होतं. आज मला असं वाटतं, की त्या वाक्यातली भीती शरीराची फार थोडी असते. मैला, स्वच्छता आणि मैल्याला हात कुणी लावायचा ह्याबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या जे शिकत आलो, त्याची ती भीती असते. आणि ‘ज्याने त्याने हिंमतीने घ्यावं’ असं म्हणून आपण सगळे, म्हणजे रुग्णालयं, सरकार, घरची माणसं, आपापल्या वाट्याचं काम टाळत असतो.

आधी शरीराचं बोलू, कारण तिथे लपवण्यासारखं काही नाही आणि समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पोटावर जे आतड्याचं तोंड दिसतं त्याला स्टोमा म्हणतात. तो लाल, ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण वेदना कळवणारे मज्जातंतू तिथे नसतात. पुसताना थोडं रक्त आलं तर तेही नेहमीचंच. मोठं आतडं बाहेर आणलं तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा शेवटचा भाग आणला तर इलिओस्टोमी. दोन्हींची तऱ्हा निराळी. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीतून बऱ्यापैकी घट्ट शौच येते. काही जण तर स्टोमातून पाणी घालून आतडं धुण्याचं तंत्र शिकतात आणि पुढचा दिवस जवळजवळ मोकळे राहतात. इलिओस्टोमीतून पातळ येतं आणि दिवसभर येत राहतं. त्यात पाचक रस असतात. ते कातडीला लागले तर कातडी भाजल्यासारखी होते.

सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. म्हणजे रुग्णालयातून निघताना जे माप घेऊन पिशवीच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीला भोक कापलं होतं, ते महिन्याभराने मोठं पडतं. भोक स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठं असायला हवं. उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ लागला की ती सोलवटते, सोलवटलेल्या कातडीवर चकती चिकटत नाही, चकती सुटली की गळतं, आणि गळलं की कातडी आणखी सोलवटते. ह्या चक्रात अडकलेली माणसं घराबाहेर पडणं सोडतात. शेजारपाजारचे म्हणतात, आजाराने खचला बिचारा. खरं तर त्याला पुन्हा माप घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे खरोखर कठीण असतात आणि ते सोपे आहेत असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकलेली असली, तर खालची जखम भरायला वेळ लागतो आणि नीट बसताच येत नाही. आपल्याकडे तर जेवायला, भाजी निवडायला, बाळ मांडीवर घ्यायला जमिनीवर बसायचं असतं. त्यातून एक विचित्र गोष्ट घडते: जो अवयव शरीरात उरलेलाच नाही तिथे जोराची शौचाची कळ आल्यासारखं वाटतं. ज्यांचा गुदाशय आत ठेवलेला असतो त्यांना खालून शेंबडासारखा स्राव जातो आणि आजार उलटला अशी धडकी भरते. दोन्ही गोष्टी वैद्यकाला चांगल्या ठाऊक आहेत. रुग्णाला त्या आधी सांगायला पाच मिनिटं पुरतात. माझ्यापर्यंत ती पाच मिनिटं पोचली नाहीत आणि मी कित्येक रात्री स्वतःशीच घाबरत काढल्या.

जेवणाचं मात्र आपल्याकडे उगाच अवघड करून ठेवलं जातं. घरी आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने वरणाच्या पाण्यावर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. सुरुवातीला मऊ भात, पेज, केळं, साबुदाणा. मग हळूहळू, एकेक पदार्थ वाढवत, नेहमीचं ताट. वाल, पावटे, कोबी, मुळा वायू करतात; कांदा-लसणाने वास वाढतो; ताक-दही अनेकांना मानवतं. इलिओस्टोमी असेल तर ओलं खोबरं, मक्याचे दाणे, अळंबी, संत्र्याच्या फोडींवरची सालं ह्यांना जपायचं, कारण नीट न चावलेले तंतू स्टोमाच्या तोंडाशी अडकून आतडं तुंबू शकतं. अशा माणसाच्या अंगातून पाणी आणि मीठ सतत जात असतं. त्याने निर्जळी एकादशी करू नये आणि रोज्याचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. पिशवी वारंवार भरते म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यांत धोक्याची चूक आहे. मीठ-साखरेचं पाणी, मिठाची पेज हेच तेव्हा औषध. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या लहान आतड्यातून तशाच्या तशा पिशवीत येऊन पडतात. रक्तदाबाची गोळी पोटात गेली असं माणूस समजतो आणि ती लागूच पडलेली नसते.

हे सगळं ज्ञान आहे, कौशल्य आहे, शिकवता येण्यासारखं आहे. ह्यात शौर्याचा संबंध फारसा कुठे येत नाही.

त्यातल्या एका गोष्टीवर मला थोडं रेंगाळायचं आहे. स्टोमा पोटावर नेमका कुठे असावा हे शस्त्रक्रियेच्या आधी, माणूस शुद्धीवर असताना, ठरवून पेनने खूण करायची असते. त्याला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघायचं. बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण कुठे आहे, त्याला स्वतःला ती जागा खाली बघून दिसते का, हे तपासायचं. मांडी घालून बसवूनही बघायला हवं, कारण खुर्चीवरची घडी आणि मांडी घातल्यावरची घडी वेगळ्या ठिकाणी पडतात. साडी नेसणाऱ्या बाईला विचारायला हवं, की परकराची नाडी तू कुठे बांधतेस? धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्याला, पट्टा आवळणाऱ्या पोलिसाला, डोक्यावर पाटी आणि कमरेला ओटी खोचून शेतात वाकणाऱ्या मजूर बाईला ह्याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं असतात. नाडी नेमकी स्टोमावर आली, तर ती बाई पुढची सगळी वर्षं दिवसातून दहादा नाडी सैल करत आणि गळती पुसत काढणार. पेनच्या एका खुणेवर एवढं अवलंबून असतं. तातडीच्या शस्त्रक्रियेत, आतडं फुटलेलं असताना, अशी सवड नसते हे मान्य. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांतही ही खूण अनेकदा होत नाही, झाली तर भूल देण्याआधी घाईत, आडव्या पडलेल्या माणसाच्या पोटावर होते. सर्जनचं कौशल्य इथे कमी पडत नाही. रुग्णाचं राहणं-नेसणं-बसणं कुणी विचारत नाही, ते कमी पडतं.

म्हणूनच ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास मला फार बोलका वाटतो. 1793 साली फ्रान्समध्ये ब्रेस्त इथे द्यूरे नावाच्या सर्जनने, गुदद्वार नसलेल्या काही दिवसांच्या बाळाच्या पोटावर कोलोस्टोमी केली आणि ते बाळ 45 वर्षं जगलं. 1908 साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगासाठी जी शस्त्रक्रिया मांडली, तिच्यामुळे असंख्य माणसं वाचली आणि कायमच्या स्टोमासह घरी गेली. घरी जाऊन ती काय करत होती? रबरी पिशव्या, धातूचे डबे, पट्टे, कपड्याचे बोळे. ह्या माणसांच्या राहण्या-वावरण्याचा प्रश्न सुटायला 1950चं दशक उजाडावं लागलं. इंग्लंडच्या ब्रायन ब्रूक यांनी 1952 मध्ये लहान आतड्याचं टोक बाहीच्या कफासारखं उलटवून, थोडं वर उचलून शिवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे पाचक रस कातडीवर न पसरता पिशवीत पडू लागले. 1954 मध्ये डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसेन या परिचारिकेच्या बहिणीची, थोराची, स्टोमाची शस्त्रक्रिया झाली. थोरा लोकांत जायला धजेना, तेव्हा एलिसेला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना सुचली. त्यातूनच पुढे कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेत नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी असलेल्या बाईंना त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं. रुग्णांना पिशवी कशी लावायची ते शिकवणं हेच त्यांचं काम. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. 1961 मध्ये तिथे ह्या विषयाचं पहिलं शिक्षण सुरू झालं आणि आज जगभर स्टोमा नर्स नावाचा जो पेशा आहे तो तिथून निघाला. इथे रुग्णाचा आणि रुग्णाच्या बहिणीचा अनुभव वैद्यकाने कामाला लावला, एरवी तो सुस्काऱ्यात जिरून गेला असता.

ह्या इतिहासात आपल्या मातीतलं एक झाडही आहे, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले. सातपुड्यात, सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर कांडोळ वाढतो. पांढरट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल. पानगळीनंतर चांदण्यात उभा दिसला की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याचा डिंक, ज्याला व्यापारात कराया म्हणतात, आदिवासी माणसं गोळा करतात आणि तो परदेशी जातो. ओला झाला की तो फुगतो आणि चिकटतो. टर्नबुल यांनी 1950च्या दशकात हीच कराया पूड स्टोमाभोवतीच्या कातडीवर वापरली आणि भाजून निघणाऱ्या कातडीला पहिल्यांदा खरं संरक्षण मिळालं. पुढची कित्येक वर्षं चकत्या आणि कडी त्याच डिंकाच्या बनत. आपल्या जंगलातला डिंक अमेरिकेत जाऊन माणसांची कातडी वाचवत होता. आणि इथे, ज्या जिल्ह्यांत तो गोळा होतो तिथली माणसं, पोटाला साधी प्लास्टिकची थैली फडक्याने बांधून दिवस काढत होती. आजही काढतात. ह्यात कुणाचं कारस्थान नाही. एवढंच, की तिथे कुणीतरी रुग्णाच्या कातडीची चौकशी केली आणि इथे ती चौकशी लाजेखाली दबून राहिली.

ही लाज शस्त्रक्रियेनंतर सुरू होत नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून ती काम करत असते. कुठल्याही तालुक्याच्या गावात ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ असे फलक ओळीने दिसतात. शौचातून रक्त पडू लागलं की माणूस आधी घरात सांगत नाही. सांगितलं तर मूळव्याधच असणार असं घरचे ठरवतात. मग मलम, चूर्ण, कुठला तरी वैदू. बोट घालून तपासणी करून घ्यायला माणूस तयार नसतो आणि पुष्कळ डॉक्टरही ती टाळतात. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ ज्या साध्या तपासणीत बोटाला लागू शकते, ती तपासणी दोन माणसांच्या संकोचामुळे राहून जाते. महिने जातात. गाठ वाढते, खाली उतरते, स्नायूंना धरते आणि जिथे कदाचित गुदद्वार वाचवता आलं असतं तिथे कायमचा स्टोमा करावा लागतो. सगळ्याच बाबतीत असं होत नाही. काही गाठी मुळातच इतक्या खाली असतात, की दुसरा इलाज नसतो. पण काही बाबतीत तरी जी लाज पुढे पिशवीला घाबरते, तिनेच ती पिशवी आणलेली असते.

आता सोवळ्याकडे येते. मैल्याशी असलेला आपला संबंध आपण भारतीयांनी एका क्रूर युक्तीने सोडवला. तो दुसऱ्याच्या डोक्यावर दिला. काही जातींनी तो उचलायचा आणि बाकीच्यांनी त्याचं नावही न काढता शुद्ध राहायचं. हाताने मैला उचलायला लावण्याच्या बंदीचा कायदा 2013 साली नव्याने करावा लागला, ह्यावरून ही युक्ती किती चिवट आहे ते दिसतं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः भंगीकामाला उभे राहिले, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे संडास लोकांपुढे ठेवले. सवर्ण माणसाने स्वतःच्या मैल्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, ह्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला तोही गावाला हेच दाखवायला. आपण दोघांना संत आणि सेवक म्हणून मोकळे झालो. त्यांनी सांगितलेलं काम कुणाच्या घरात शिरलं नाही.

ऑस्टोमी, म्हणजे पोटावर केलेला असा कुठलाही स्टोमा, ते काम घरात आणते. कुठल्याही जातीचा माणूस असो, त्याला आपला मैला दिवसातून अनेकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागतो, स्वतःच्या हातांनी रिकामा करावा लागतो. तो पाठीमागे, खाली, नजरेआड राहत नाही. समोर, बेंबीशेजारी येतो. हे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही, ढकललं तर ते बायकोवर किंवा सुनेवर जातं. ‘त्यापेक्षा मरण बरं’ ह्या वाक्याचा पाया मला इथे दिसतो. ज्या कामाला आपण माणसाच्या लायकीखालचं ठरवलं, ते करण्याची वेळ स्वतःवर आली, की आपण माणूस म्हणून खालचे झालो असं वाटतं. ही किळस सगळ्याच जातींत मुरलेली आहे, हेही खरं. ज्यांच्यावर ते काम लादलं गेलं त्यांच्याही घरात ‘पिशवीवाल्याचं’ ताट वेगळं झाल्याचं मी ऐकलं आहे. पण ती शिकवलेली आहे. बाळाचे लंगोट धुणाऱ्या आईला ती नसते.

देवघराचं काय, हा प्रश्न मला ओळखीच्या-अनोळखी बायकांनी जितक्या दबक्या आवाजात विचारला आहे तितका दुसरा कुठलाच नाही. देवाला शिवायचं का? नैवेद्य करायचा का? हळदीकुंकवाला जायचं का? इस्लामच्या धर्मशास्त्रात ज्याचं शरीर स्राव थांबवू शकत नाही अशा माणसाला ‘माजूर’ मानून सवलत दिली आहे: दर नमाजाच्या वेळी एकदा वुजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय धुण्याची शुद्धी, करावं, मग काही बाहेर आलं तरी नमाज मोडत नाही. आपल्या घरांत असा सर्वांना माहीत असलेला नियम नाही, म्हणून प्रत्येक घरात जो वडीलधारा असेल त्याच्या मनाप्रमाणे निकाल लागतो. माझं उत्तर असं आहे. देवळात जाणारा प्रत्येक माणूस पोटात शौच घेऊनच जातो. तुमच्या-माझ्यात फरक कातडीच्या आणि स्नायूच्या एका थराचा आहे, आणि माझ्याकडची पिशवी नीट बंद असते. ह्या पलीकडे काही वेगळं असतं, तर ते मला मान्य करायला हरकत नव्हती.

घरातल्या बाईमाणसांचं दुःख ह्यात वेगळं आहे. पुरुषाला स्टोमा झाला, की रुग्णालयातल्या सिस्टर बहुधा बायकोलाच पुढे बोलावतात आणि पिशवी बदलायला शिकवतात. ती शिकते, करते, कुणी तिला विचारतही नाही. बाईला स्टोमा झाला, की आई किंवा बहीण माहेराहून येते, आणि ती परत गेली की बाई एकटी न्हाणीघराचं दार लावून घेते. नवऱ्याने एकदाही स्टोमा पाहिलेला नाही अशा संसारांना वर्षं होतात. लैंगिक आयुष्याबद्दल तर कुणीच तोंड उघडत नाही. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेत तिथल्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. पुरुषाला ताठरतेची अडचण येऊ शकते, बाईला संबंधात वेदना होऊ शकतात, आणि दोन्हींवर इलाज, निदान मदत, असते. स्टोमा असलेल्या बायकांना मुलंही होतात. हे शस्त्रक्रियेआधी दोघांना समोर बसवून सांगायला हवं. लग्नाच्या वयाच्या मुलीला तर नक्कीच, कारण तिच्याऐवजी तिचे आई-वडील घाबरून ‘कुणाला कळता कामा नये’ असं ठरवून टाकतात.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेते. सगळ्यांनी उघड बोलावं अशी सक्ती का? नाही, अजिबात नाही. माझ्या पोटावर काय आहे हे कुणाला सांगायचं हा माझा अधिकार आहे आणि कार्यालयात न सांगणारा माणूस काही गुन्हा करत नाही. मला खटकतो तो नाइलाज. पिशवी वेळेवर रिकामी करायला जागा नाही, म्हणून माणूस प्रवास सोडतो. वरिष्ठाला सांगितलं तर नोकरी जाईल, म्हणून जेवण सोडतो. ह्याला खासगीपण म्हणता येणार नाही. तात्पुरत्या स्टोमाचंही तसंच. आतड्याची जोडणी भरून येईपर्यंत केलेला स्टोमा नंतर बंद करता येतो. 1981 साली गोळ्या लागलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनाही तो काही आठवडे होता आणि मग बंद केला गेला. पण केमोथेरपी लांबली, पैसे नाहीत, तारीख मिळत नाही, म्हणून ‘तात्पुरता’ स्टोमा खूप काळ राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. थोड्याच दिवसांचा प्रश्न म्हणून त्यांना शिकवण्याचीही कुणी तसदी घेत नाही.

आणि पैसे. चांगल्या पिशवीची आणि चकतीची किंमत रोजंदारीवरच्या घराला झेपत नाही, आणि ती एकदाच द्यायची नसते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना शस्त्रक्रियेचा भार उचलतात, हे मोठंच काम आहे. पण माणूस घरी गेल्यावर पुढची वर्षानुवर्षं लागणारी पिशवी घराच्या खर्चात पडते. मग तीन दिवसांची पिशवी आठवडाभर ओढायची, धुऊन वाळवून पुन्हा चिकटपट्टीने लावायची, गळली की वर फडकं बांधायचं. ब्रिटनमध्ये कायमचा स्टोमा असलेल्या माणसाला औषधचिठ्ठीचं शुल्क पडत नाही. जपानने कायमचा स्टोमा असलेल्यांना कायद्याने अपंगत्वाच्या कक्षेत घेतलं आहे, आणि तिथल्या स्थानकांत, सरकारी इमारतींत कमरेच्या उंचीचं धुण्याचं भांडं आणि गरम पाण्याचा नळ असलेली स्वच्छतागृहं असतात. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. त्यात ऑस्टोमी नाही. गंमत वाटेल, पण रेल्वेला मात्र आम्ही ठाऊक आहोत: तिच्या सवलतींच्या यादीत ऑस्टोमी रुग्णांसाठी मासिक आणि त्रैमासिक पासाची सवलत आहे. ज्या गाडीच्या पासावर सवलत आहे, त्या मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, आणि फलाटावरच्या संडासात पिशवी ठेवायला फळी नसते, कपडे अडकवायला खुंटी नसते. आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय आहे, तांब्या-बादली आहे, ही तर पिशवीवाल्यासाठी मोठी सोय. तिच्या जोडीला प्रत्येक एसटी स्थानकात निदान एका संडासात एक खुंटी, एक फळी आणि उभ्याने हाताला येईल असा एक नळ बसवायला फार मोठा निधी लागत नाही. स्वच्छतागृहं बांधण्याची एवढी मोहीम देशात झाली, तिच्या नकाशात ही तीन वस्तूंची ओळ शिरली नाही, कारण ती मागणारं कुणी समोर आलं नाही.

म्हणून मला आमच्या ‘जिद्दीच्या’ कहाण्यांचा त्रास होतो. स्टोमा असून डोंगर चढला, स्टोमा असून शर्यत धावली. चढणाऱ्याचं मला कौतुक आहे. पण ज्या बाईची कातडी रोज सोलवटते, तिला ह्या कहाण्या एवढंच सांगतात, की तू कमी पडलीस. ती कमी पडलेली नसते. तिला योग्य मापाची चकती मिळालेली नसते. शोक करण्याचा तिचा हक्कही ह्या कहाण्या काढून घेतात. शरीराचा एक भाग गेला, एक सवय गेली, त्याचं रडू येणं स्वाभाविक आहे आणि ते सहा महिन्यांनी पुन्हा आलं तरी त्यात काही बिघडलेलं नसतं.

काय करता येतं ह्याचा नमुना आपल्याकडे आहेच. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, तिथे परिचारिकांना ह्या विषयाचं शिक्षणही दिलं जातं. मुंबईत 1970च्या दशकापासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमा असलेल्या माणसांनी चालवलेली संस्था आहे. परळच्या रुग्णालयापासून जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. महाराष्ट्रातून आणि बाहेरून आलेले कर्करोगाचे रुग्ण नातेवाइकांसह तिथे उतरतात, त्यांत पिशवीवालेही असतात. पण नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या माणसाने चकतीचं माप बदललं म्हणून परळ गाठावं का? जिल्हा रुग्णालयात ह्या कामाची एक तरी शिकलेली सिस्टर हवी. आठवड्यातला एक दिवस तिचा ह्यासाठी राखलेला हवा. पिशव्या तिथल्या औषधालयात हव्यात आणि त्यांचा पुरवठा योजनेत, शस्त्रक्रियेइतक्याच हक्काने, धरलेला हवा. शस्त्रक्रियेच्या आधी, संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी, स्टोमा असलेला एक माणूस नव्या रुग्णाला भेटायला यायला हवा. जगभरच्या ऑस्टोमी संस्था हे काम करत आल्या आहेत.

अशा भेटीला मी जाते तेव्हा पहिली दोन-चार मिनिटं कुणी काही विचारत नाही. माझ्या पोटाकडे बघत राहतात. साडीतून काही दिसतं का ते शोधत असतात. मग प्रश्न सुरू होतात. वास येतो का? पिशवी नीट बसली असेल तर येत नाही. रिकामी करताना येतो, तो सगळ्यांनाच येतो. कुशीवर झोपता येतं का? येतं. अंघोळीला काढायची का? काढली तरी चालते, ठेवली तरी चालते. नातवाला कडेवर घेता येईल? दोन महिने जड उचलू नका, मग घ्या, पण उचलायचं कसं ते सिस्टरना विचारून, कारण तिथे हर्निया होऊ शकतो. एसटीने गावाला जाता येईल? जाता येतं, निघण्याआधी पिशवी रिकामी करा, जोडीला एक जास्तीची ठेवा, तिची चकती आधीच कापून ठेवा. बहुतेकांचा शेवटचा प्रश्न असतो, की ही कुठे मिळते आणि केवढ्याला पडते. आधीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ असतात. ह्याचं उत्तर मंत्रालयाने द्यायचं आहे.